चूलबंद आवतण

त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला 'तुम्ही कुठले?' असं विचारलं नाही. मला ही गोष्ट पुष्कळ दिवस निव्वळ मूर्खपणाची वाटत असे आणि तसं मी त्यांच्या तोंडावर बोलूनही दाखवलं होतं.

आगबोटीचा भोंगा झाला की ते धक्क्यावर हजर. बोट खाडीच्या तोंडाबाहेर उभी राही. उतारू पडावांतून काठाकडे येत आणि शेवटचं गुडघाभर पाणी बोचकी डोक्यावर धरून पायांनी तुडवत. त्या घोळक्यात नवखा कोण हे त्यांना शंभर पावलांवरून कळे. नवखा माणूस पाण्याकडे बघत उतरतो, गावचा माणूस धक्क्याकडे, असं त्यांचं म्हणणं. मग ते त्या नवख्याला गाठून दोन प्रश्न विचारत. पहिला, "जेवलात?" दुसरा, "निजणार कुठं?" संपली चौकशी.

"अहो, नाव-गाव तरी विचारा," मी म्हणालो. "उद्या कुणी खुनी निघाला म्हणजे?"

"कुठला, कुणाचा, कशाला आला, हे पोलीस विचारतो. त्याला त्याचा पगार मिळतो. मी फुकट का विचारू?"

गावात त्यांना सगळे मुनशी म्हणत. तीस वर्षं त्यांनी आगबोटीच्या धक्क्यावर कारकुनी केली होती. उतारूंच्या याद्या करायच्या, मालाच्या पावत्या फाडायच्या, हरवलेल्या सामानाची नोंद ठेवायची. नोकरी सुटली त्या दिवशी त्यांनी दौत खाडीत फेकली, अशी गोष्ट गावात सांगत. मी खरं-खोटं विचारलं तर म्हणाले, "दौत कशाला फेकू? चांगली काचेची हाय. शाई ओतली. दौतीत तुझी काकू खोबरेल ठेवते." तेव्हापासून त्यांनी लेखणीला हात लावला नाही. कुणाचा अर्ज असला तर ते तोंडानं सांगत आणि दुसऱ्याकडून लिहवून घेत. तो दुसरा पुष्कळदा मी असे आणि मला त्यांचा राग येई, कारण माझी वाक्यं ते निम्म्यावर तोडत. मी 'घोर अन्याय' लिहिलं की म्हणत, "घोर काढ." मी 'डोळ्यांतून अश्रूंच्या धारा' लिहिलं की म्हणत, "कागदावर रडू नये, कागद भिजतो. मग वाचता येत न्हाय."

आमचं बंदर अलिबागच्या खालच्या अंगाला. खाडीच्या अलीकडे सरकारी मुलूख, पलीकडे संस्थान. बोर्ली पंचतनच्या बाजारात ज्याची सासुरवाडी आणि आमच्या बंदरात ज्याचं दुकान, असा माणूस तिकडं जाऊन आला की कागदावर दोनदा परका होत असे! खाडी कुणी आखली? भरती-ओहोटीनं. आणि तिच्या चिखलावरून माणसाचा हक्क ठरवायचा! यावर मी एक जळजळीत पत्रक काढलं होतं, अलिबागेहून पिवळ्या कागदावर छापून. मुनशींनी ते हातभर लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "मस्त. आता त्या बोर्लीवाल्याला बायको आणायला कधी जाता येईल ते सांग."

त्या दिवसापासून मी 'छापखाने' झालो. "काय छापखाने, आज कुणाचा धिक्कार?"

मी मूळचा देशावरचा. मिठाच्या वर्षी तुरुंगात जाऊन आलो आणि प्रचारासाठी म्हणून या बंदरात उतरलो तो राहिलो. मोहल्ल्याच्या शेवटाला काथ्याची वखार होती, तिच्या माळ्यावर माझी खोली. एक चटई, एक स्टोव्ह आणि पत्रकांचे गठ्ठे. दारूवर पत्रक, वेठीवर पत्रक, लग्नातल्या जेवणावळींच्या उधळपट्टीवर पत्रक. मी स्वतःला गावचाच समजत होतो. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

मुनशींच्या पडवीत केव्हाही गेलं तर कुणीतरी परका माणूस पेज पीत बसलेला असे. गुजराथेकडचा खारवी, घाटावरून उतरलेला पाथरवट, संस्थानातून शेत सोडून आलेलं कुटुंब. कुंभाराची म्हातारी एक मडकं देई, वखारवाला पहिले आठ दिवस काथ्या झोडायला लावी, आणि मुनशी देत छत्री. आगबोटीवर तीस वर्षांत विसरलेल्या, कुणी न्यायला न आलेल्या छत्र्या त्यांच्या माळ्यावर वटवाघळांसारख्या लटकत होत्या. एकीची मूठ दुसरीला, तिसरीची काडी चौथीला. पावसाळा असो-नसो, नव्या माणसाला छत्री मिळायची. अशी बेढब छत्री हातात दिसली की बाजारात कळे, हा मुनशींचा माणूस, याला उधार द्यायला हरकत नाही.

हे काम मला पसंत होतं, पण त्याची तऱ्हा पसंत नव्हती. मी म्हणालो, याला एक नाव देऊ, घटना करू, 'परमुलखी बांधव साहाय्यक मंडळ'.

"नाव ठेवलंस की अध्यक्ष लागतो," मुनशी म्हणाले. "अध्यक्ष आला की भांडण आलं. तोवर पेज निवते."

गोव्याकडून एक पाववाला आला होता. भट्टीला जागा मिळाली, पण पाणी मिळेना. विहिरीत पाव पडला तर सगळी वाडी बाटते, ही आमच्या किनाऱ्यावरची फिरंग्यांच्या वेळची भीती. मी या रूढीवर पत्रक लिहिलं, 'बुद्धीच्या विहिरी कोरड्या पडल्या काय?' असं. कुणी वाचलं नाही. मुनशींनी एक खुर्ची उचलली आणि भट्टीशेजारी, विहिरीवरच्या बायकांना समोर दिसेल अशी मांडली. रोज सकाळी तिथं बसून चहात पाव बुडवून खायचे. आठव्या दिवशी एका म्हातारीनं घागर खाली ठेवून विचारलं, "मुनशी, बाटलास का रे?" त्यांनी टोपी काढून शेंडी दाखवली. "बघ की आजी. हाय अजून. उलट जाड झालीय." पुढच्या आठवड्यात म्हातारीच तापकरी सुनेसाठी पाव घेऊन गेली. पाणी मग आपोआप आलं. माझी पत्रकं त्या पाववाल्यानं पाव बांधायला नेली. तेवढाच त्यांचा उपयोग.

आता जैनबची गोष्ट.

जैनब आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या जंगबारची. आमच्या मोहल्ल्यातला लतीफ तांडेल गलबत घेऊन तिकडं जायचा, तिथंच त्याचा निकाह झाला आणि तो तिला इकडं घेऊन आला. त्याचं मागंपुढं कुणी नव्हतं. तिला इथं मुलगी झाली, सकीना. ती आठ वर्षांची असेल तेव्हाची ही हकीकत. त्याच्या दोन वर्षं आधी मलबारहून येताना लतीफचं गलबत बुडालं, त्याची पेटी बुडाली आणि पेटीतला निकाहाचा कागदही. जैनब माझ्या वखारीशेजारच्या शेवटच्या घरात राही आणि काथ्या वळी. तिच्या हातचा दोर नांगराला लावावा, अशी तिची ख्याती होती.

कुणीतरी कचेरीत निनावी अर्ज केला की, मोहल्ल्यात एक परदेशी बाई बिनकागदाची राहते. कुणी केला ते मला अजून माहीत नाही. मुनशींना माहीत होतं. "सांगितलं तर तू छापशील," म्हणाले. कचेरीतून नोटीस आली. पंधरा दिवसांत हजर होऊन या गावच्या माणसाची लग्नाची बायको असल्याचं आणि इथं घर करून राहत असल्याचं दाखवावं, नाहीतर मुंबईहून पहिल्या जहाजानं मुलीसह जन्मगावी रवानगी. जन्मगावी! जिथं तिचं कुणी उरलं नव्हतं आणि जिथल्या भाषेचं सकीनाला एक अक्षर येत नव्हतं.

मी ताबडतोब जमातीच्या बुजुर्गांकडे गेलो. म्हटलं, तुम्ही पाचजण कचेरीत चला आणि शपथेवर सांगा की ही लतीफची बायको. मग त्यांतला वडीलधारा म्हणाला, "बायको हाय, हे आमाला म्हायती हाय, भाऊ. पन निकाह आमी बघितला न्हाय. अल्लाची कसम घेऊन न बघितलेलं कसं सांगू?"

मी त्यांना भेकड म्हणालो. आज त्याची लाज वाटते. त्या वेळी मात्र वाटलं, या गावात पाठीचा कणा असलेला मी एकटाच! तडक माळ्यावर गेलो, एका बैठकीत पत्रक लिहिलं, मुनशींना दाखवलं नाही, जैनबला विचारलं नाही, अलिबागला पाठवून छापून आणलं आणि बाजारापासून कचेरीपर्यंत वाटलं. मथळा होता, 'परदेशी निराधार अबलेवर सरकारी वरवंटा!' त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं: 'जिला या गावात ना घर ना दार, ना कुणी सोयरा ना सांगाती, अशा परक्या मुलखातल्या अनाथ स्त्रीस...'

दुसऱ्या दिवशी सकाळी जैनब जिन्याखाली उभी. हातात पत्रक.

"भाई, हे तू लिवलंस?"

"हो. सगळ्या बंदरात वाटलं," मी म्हणालो. खरं सांगायचं तर आभाराची वाट बघत होतो.

"पोरीनं वाचून दाखवलं मला. मला घर न्हाय?"

"तसं नव्हे, ते..."

"रोज सकाळी तू माझ्या दारावरून पानी भरायला जातोस. ते काय हाय मग? भिताड?" ती ओरडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. "माझ्या दोरावर अर्धी गलबतं बांधलीत या बंदरातली. नि मी निराधार? माझा नवरा गेला तवा चाळीस दिस माझ्या घरी चूल पेटू दिली न्हाय बायकांनी, घराघरातनं ताट यायचं. मला कुनी सांगाती न्हाय?" पत्रक तिनं जिन्याच्या पायरीवर ठेवलं, वर एक दगड ठेवला, उडू नये म्हणून, आणि गेली.

मी मुनशींकडे गेलो. ते आधीच वाचून बसले होते.

"छान लिहिलंस," ते म्हणाले. "कचेरीवाल्यांचं दोन दिवसांचं काम वाचलं. बाई परदेशी हाय, तिला घर न्हाय, तिचं इथं कुणी न्हाय, हे सगळं तिच्या बाजूच्या माणसानंच लेखी दिलं."

मला तोपर्यंत हे सुचलंच नव्हतं. खरोखर नव्हतं. मी दारातच बसलो. आतून काकू म्हणाल्या, "त्याला पाणी द्या हो आधी." मुनशींनी पाणी दिलं आणि पानाचा डबा ओढला. पान लावून, खाऊन, थुंकून आले. मग म्हणाले, "छापखाने, तुला या गावात कधी चूलबंद आवतण आलंय का रे?"

हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे लग्नाचं बोलावणं दोन तऱ्हेचं. पाहुण्याला, ओळखीच्याला, एकट्या माणसाला सांगतात ते साधं. आणि गावच्या घराला सांगतात ते चूलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडे. वाडीतही हेच, मोहल्ल्यातही हेच. मुनशींच्या घराला मोहल्ल्याचं चूलबंद होतं. ते तिथं शिजवलेलं खात नसत, म्हणून त्यांच्याकडे तांदूळ-नारळाचा कोरडा शिधा येई. पण त्या दिवशी काकू चूल पेटवत ती त्या शिध्यासाठीच.

"जेवणावळींच्या विरुद्ध मी पत्रक काढलंय," मी तोऱ्यात म्हणालो. "मला कोण बोलावणार? आणि इथं बाईच्या जन्माचा प्रश्न आहे, तुम्हाला जेवणं सुचतात?"

"एकसुद्धा न्हाय ना? नक्की?"

"नाही!"

"झकास," मुनशी म्हणाले आणि हसनचाचांना बोलावणं धाडलं.

हसनचाचा मशिदीचे खादीम. झाडलोट, पाण्याचे हौद, आणि लग्न असलं की मोहल्ल्यात दारोदार आवतण सांगायचं काम चाळीस वर्षं त्यांचं. कुठल्या दाराला काय बोलायचं ते सगळं तोंडपाठ. पुढचे आठ दिवस मुनशींच्या पडवीत कचेरी भरली. ही त्यांची जुनी पद्धत. कुणालाही कचेरीत नेण्याआधी ते घरी रंगीत तालीम घेत. स्वतः पालथ्या उखळावर मामलेदार होऊन बसत, चष्मा नाकाच्या टोकावर ओढत आणि आवाज इतका रुक्ष काढत की साक्षीदाराला घाम फुटे. "विचारलं तेवढंच सांगायचं. वेळ विचारली तर वेळ सांग, घड्याळ कुठं घेतलं ते सांगू नकोस."

"हुजूर, भात करपला," काकू आतून म्हणत.

"कामकाजात व्यत्यय आणू नका, बाई!"

"मग हुजुरांनी करपलेला खावा."

हसनचाचांची अडचण वेगळीच होती. मामलेदारानं विचारलं, "लतीफ तांडेलाच्या दारावर तुम्ही काय बोलता?" की चाचा डोळे मिटत आणि म्हणत, "मशिदीची पायरी उतरलो. उजव्या अंगाला कासम खोत, चूलबंद. त्याच्या म्होरं दाऊद दर्यावर्दी, चूलबंद. त्याच्या म्होरं..." लतीफचं घर सगळ्यांत शेवटी. चाळीसेक दारं.

"चाचा, मधली सोडा. नुसतं शेवटचं बोला."

"न्हाय येत, मुनशी. पायात हाय ते, डोक्यात न्हाय. मधून उचललं की सगळं सांडतं."

तीन दिवस प्रयत्न करून मुनशींनी हात टेकले. "असू द्या. साहेबाला सरकार बसायचाच पगार देतं."

मला या सगळ्याचा अर्थ लागत नव्हता. पंधरा दिवसांतले बारा गेले होते आणि हे म्हातारे लग्नाच्या याद्या घोकत होते! मी मनात नवं पत्रक जुळवत होतो. छापलं मात्र नाही. जैनबनं ठेवलेला दगड अजून पायरीवर होता.

कचेरीचा दिवस उजाडला. मुनशी जैनबचे मुखत्यार म्हणून उभे. जमातीचे पाच बुजुर्ग बाहेर ओसरीवर बसलेले. जैनब एका कोपऱ्यात बुरखा घेऊन, सकीना तिचा हात धरून. मामलेदार तरुण होते आणि त्यांना पडसं झालं होतं. नोटीस वाचून झाली. मग त्यांनी कागदांतून एक पिवळा कागद काढला. माझं पत्रक.

"हे आपलं?"

"होय," मी म्हणालो. सवयीनं छातीही पुढं काढली.

त्यांनी माझं आवडतं वाक्य मोठ्यानं वाचलं. पडशानं ते अधिकच भेसूर वाटलं. ना घर ना दार. ना सोयरा ना सांगाती. परक्या मुलखातली. "गावचाच सुशिक्षित माणूस जर असं लिहितो," ते मुनशींना म्हणाले, "तर मला दुसरं काय पाहायचं?"

"हुजूर," मुनशी म्हणाले, "या गृहस्थांना एक-दोन गोष्टी विचारू का?" आणि माझ्याकडे वळले. मला आयुष्यात प्रथमच त्यांनी 'तुम्ही' म्हटलं.

"गावात येऊन किती वर्षं झाली तुम्हाला?"

"तीन."

"तीन वर्षांत गावात लग्नं झाली?"

"पुष्कळ. फाजील खर्चाची."

"तुम्हाला चूलबंद आवतण किती आली?"

तेव्हा मला कळलं. उखळ, पान, 'झकास', सगळं एकदम कळलं. कळलं तरी उत्तर बदलणार कसं? "एकही नाही," मी म्हणालो.

"साधं?"

"...नाही."

ओसरीवर कुणीतरी हसलं.

"हुजूर, गावात आपलं कोण नि परकं कोण हे गाव ठरवतं. यांना गावानं अजून एक ताट वाढलेलं न्हाय. मग गावच्या घरांबद्दल यांचा शब्द कसा धरायचा? माणूस लाखाचा हाय, हुजूर. कळवळ्याचा हाय. पण परदेशी हाय."

सगळी कचेरी हसली. शिपाई हसला. मामलेदारांनी रुमालात नाक लपवलं. आणि बुरख्याआडून जैनबही हसली. त्या नोटिशीनंतर मी तिला हसताना प्रथमच ऐकलं. मी तिथं उभा राहून कानांपर्यंत तापलो, आणि माझ्या पत्रकाची किंमत माझ्या डोळ्यांदेखत शून्य होत होती. तीन वर्षांत मी त्या गावाच्या उपयोगी पडलो तो त्या एका क्षणी.

मग हसनचाचा. डोळे मिटले आणि मशिदीची पायरी उतरले. कासम खोत, चूलबंद. दाऊद दर्यावर्दी, चूलबंद. पंधराव्या दाराला मामलेदार म्हणाले, "पुरे, पुरे, मुद्द्याचं बोला." चाचांनी डोळे उघडले, भांबावले, पुन्हा मिटले आणि म्हणाले, "मशिदीची पायरी उतरलो." मामलेदारांनी लेखणी खाली ठेवली आणि खुर्चीला पाठ टेकली. त्यानंतर कुणी मध्ये बोललं नाही. म्हातारा चालत होता, जागच्या जागी, आणि सगळा मोहल्ला त्याच्याबरोबर. शेवटी तो थांबला.

"काथ्याच्या वखारीच्या अल्याड, जैनबबी, चूलबंद."

"घर लतीफचं ना?"

"व्हता तवर त्याच्या नावानं बोललो, साहेब. लतीफ तांडेल, चूलबंद. ती आली त्या सालापास्नं. त्याच्या आदी तो एकटा व्हता, तवा त्याला साधं."

मामलेदार पुढं झुकले. "आणि तो गेल्यावर तिच्या नावानं बोला, असं कुणी सांगितलं?"

"मीच विचारलं. चाळीसावा झाल्यावर पयलं लगीन आलं. मी जमातीला बोललो, आता त्या दारावर काय बोलू? बुजुर्ग बोलले, घर आपलं हाय, चूल जळते, चूलबंदच बोल."

मुनशींनी ओसरीकडे बघून मान हलवली. पाचही बुजुर्ग उठून आत आले. निकाह त्यांनी बघितला नव्हता आणि त्यावर ते शपथ घेणार नव्हते. पण हे तर त्यांच्या स्वतःच्या तोंडचे शब्द होते. एकामागून एक त्यांनी शपथ घेतली आणि तेच सांगितलं. शेवटच्यानं न विचारता वर आणखी एक सांगितलं. मुनशींच्या तालमीला तो नव्हता. "निकाहाबिगर घरात घेतलेली बाई असती, साहेब, तर त्या दारावरनं खादीम खाली मान घालून गेला असता. आमच्यात एवढं कडक हाय."

मामलेदारांनी नोटिशीवर दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. मुनशी जैनबजवळ गेले आणि म्हणाले, "चल पोरी. घरी." तीनच शब्द. सकीनानं तिला हात दिला.

मी एकटाच पुढं निघालो. बंदराच्या वाटेवर मुनशींनी मागून गाठलं. हातात एक छत्री होती, बगळ्याच्या चोचीसारखी मूठ, काठीला काथ्याचे वेढे.

"घे."

"मला कशाला? मी काय नवखा आहे?"

"तीन वर्षं उशीर झाला, माझीच चूक. तू पडावातून उतरलास तो भाषण करतच. पाण्याकडे बघायला तुला सवड कुठली! मला वाटलं, गावचाच असेल कुणीतरी."

मी छत्री घेतली. भर उन्हाचे दिवस होते. मी ती उघडली आणि आम्ही दोघं तिच्याखालून घरी आलो. बाजारात सगळ्यांनी बघितलं.

ते वारले तेव्हा मी पुन्हा तुरुंगात होतो. सुटून आल्यावर काकू सांगत होत्या की दहा दिवस दारात रीघ होती. कुठून कुठून माणसं आली, छत्र्या परत करायला. काकूंनी एकही घेतली नाही. "ठेवू कुठं? आता कुठं माळा जरा मोकळा झालाय," म्हणाल्या. माझी मी परत द्यायला नेलीच नाही. ती अजून वापरतो.

पण मुनशी आठवले की मला ती कचेरी आठवत नाही. त्यानंतरच्या पावसाळ्याच्या शेवटाला मोहल्ल्यात एक लग्न होतं, ती सकाळ आठवते. मी माळ्यावर होतो. स्टोव्हवर डाळ ठेवली होती. हसनचाचांचा आवाज दारादारावरून जवळ येत होता. चूलबंद. चूलबंद. जैनबच्या दारावर आला, "जैनबबी, चूलबंद," आणि नेहमीसारखा परत न फिरता पुढं आला. माझ्या जिन्याखाली थांबला. थांबलाच.

"बोला ना, चाचा," जैनब तिच्या दारातून म्हणाली. "म्हयनाभर मुनशी घोकून घेताहेत तुमच्याकडून."

"व्हय, पन सांडलं."

"मग?"

चाचा वळले आणि तसेच सबंध मोहल्ला ओलांडून माघारी गेले. थोड्या वेळानं लांब मशिदीकडून आवाज आला, उजव्या अंगाला कासम खोत, चूलबंद. लोक दारांत येऊन हसत होते. कुणी म्हणत होतं, चाचा, आमचं झालं, आमचं झालं! चाचा कुणाचं ऐकत नव्हते. एकेक दार घेत, चाळीसच्या चाळीस दारं पुन्हा सांगत, ते माझ्याकडे येत होते.

मी उठलो आणि स्टोव्ह बंद केला.